२१ गिअरची सायकल: गिअर आणि पायडल कसे वापरावेत

गिअरची सायकल घेतलेले बरेच जण ती वर्षानुवर्षं एकाच गिअरवर चालवतात. डाव्या हाताचा आकडा ३ वर, उजवा ६ किंवा ७ वर. चढ आला की उभं राहून जोर, तोही पुरला नाही की खाली उतरून ढकलत नेणं. महिन्याभरात गुडघे कुरकुरायला लागतात आणि दोष सायकलला जातो. खरं तर गिअर वेग वाढवण्यासाठी नसतात. रस्ता सपाट असो, घाट असो किंवा समोरून वारा असो, पाय एकाच लयीत फिरत राहावेत एवढ्यासाठी ते असतात. हे ध्यानात आलं की कुठे कुठला गिअर हे पाठ करावं लागत नाही.

उदाहरणासाठी आपल्याकडे सर्रास दिसणारी ३×७ हायब्रिड सायकल घेऊ. पुढे तीन चकत्या, ४२, ३४ आणि २४ दात्यांच्या. मागे सात: १४, १६, १८, २०, २२, २४, २८. चाक ७००×३५, म्हणजे एका फेऱ्यात सायकल साधारण २.१७ मीटर पुढे जाते. तुमच्या सायकलचे दाते वेगळे असू शकतात. पुष्कळदा चकतीवर आकडा कोरलेला असतो. नसेल तर एका दात्याला खडूची खूण करून मोजा, पाच मिनिटांचं काम आहे.

पायापासून चाकापर्यंत

पायडल क्रँकच्या, म्हणजे पायाने फिरणाऱ्या दांडीच्या टोकाला बसतं. क्रँकची लांबी पायडलच्या भोकाच्या मध्यापासून आसाच्या मध्यापर्यंत मोजतात. मोठ्यांच्या सायकलींना ती बहुधा १७० मि.मी. असते आणि क्रँकच्या आतल्या बाजूला लिहिलेली असते. दोन्ही क्रँक ज्या आसावर फिरतात तो बॉटम ब्रॅकेट, दुकानात त्याला नुसतं बी.बी. म्हणतात. उजव्या क्रँकला पुढच्या चकत्या, म्हणजे चेनव्हील. तिथून चेन मागच्या फ्रीव्हीलवर, म्हणजे मागच्या सात चकत्यांच्या गठ्ठ्यावर जाते. पाय थांबवले तरी चाक फिरत राहतं आणि टिकटिक ऐकू येते, ती फ्रीव्हीलच्या आतल्या छोट्या खटक्यांची, कारागीर त्यांना कुत्रे म्हणतात.

चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलायचं काम डिरेलर करतो. पुढचा डिरेलर म्हणजे दोन पत्र्यांचा पिंजरा, तो चेनला बाजूने रेटतो. मागच्याला दोन छोटी चाकं असतात. वरचं चाक चेनला दिशा देतं, खालचं चेनचा ढिलेपणा ओढून धरतं. मागचा डिरेलर फ्रेमच्या ज्या कानावर लटकतो त्याला हँगर म्हणतात. अल्युमिनियमच्या फ्रेमवर तो बहुधा वेगळा निघणारा आणि मऊ असतो, कारण सायकल पडली तर फ्रेमऐवजी तो वाकावा. सायकल उजव्या अंगावर पडली किंवा बसच्या डिकीत आडवी टाकून नेली, तर पुन्हा चालवण्याआधी मागून पाहा. डिरेलरची दोन्ही छोटी चाकं मागच्या चकत्यांच्या सरळ रेषेत उभी दिसली पाहिजेत. तिरकी दिसली तर हँगर वाकलाय. मग स्क्रू कितीही पिळा, गिअर नीट बसणार नाहीत.

डावा हात पुढच्या चकत्या बदलतो, उजवा मागच्या. डावीकडे १ म्हणजे सगळ्यांत लहान चकती, उजवीकडे १ म्हणजे सगळ्यांत मोठी. दोन्हीकडे १ सोपा आणि आकडा वाढेल तसा जड. यापुढे २-४ असं लिहिलं असेल तर डावीकडे २, उजवीकडे ४ असं वाचा.

एकवीस गिअर म्हणजे एकवीस वेग नव्हेत

पुढचे दाते भागिले मागचे दाते, एवढंच गणित. ३-७ मध्ये ४२÷१४ = ३, म्हणजे पायडलचा एक फेरा मारला की चाक तीनदा फिरतं आणि सायकल साडेसहा मीटर पुढे जाते. १-१ मध्ये २४÷२८ = ०.८६, म्हणजे एका फेऱ्यात जेमतेम १.८६ मीटर. पायांची गती मिनिटाला ८० फेरे ठेवली तर १-१ वर ताशी ९ कि.मी. आणि ३-७ वर ताशी ३१ कि.मी. वेग मिळतो. बाकी सगळे गिअर या दोन टोकांच्या मधले.

मधले बरेचसे एकमेकांवर येतात. ३-१ म्हणजे ४२÷२८ = १.५ आणि १-६ म्हणजे २४÷१६, तेही १.५. ३-४ आणि २-६ मध्ये फरक जवळपास शून्य. २-४, १-७ आणि ३-२ हे तिन्ही १.७ ते १.७५ च्या आत. खरोखर वेगळे असे गिअर दहा-बाराच निघतात. म्हणून एकवीसच्या एकवीस ओळीने वापरायचा प्रयत्न करू नका.

त्यातले चार तर टाळायचेच: ३-१, ३-२, १-६ आणि १-७. यांत चेन फार तिरकी धावते. पुढच्या पिंजऱ्याला घासते, कड्या आणि दाते लवकर झिजतात. १-७ वर चेन ढिलीही पडते आणि खड्ड्यात उडून निसटते. हेच वेग मधल्या चकतीवर सरळ चेनने मिळतात, त्यामुळे या चारांवाचून काही अडत नाही.

डाव्या हातासाठी ढोबळ नियम पुरतो. शहरात आणि सपाटीवर २. घाट किंवा सामानासकट चढ असेल तर १. लांब उतार आणि पाठीला वारा असलेला मोकळा रस्ता मिळाला तर ३. बाकी सगळं उजव्या हाताने.

पायांची लय

उजवा गुडघा १५ सेकंदांत किती वेळा वर येतो ते मोजा आणि चारने गुणा. नवखा माणूस बहुधा ५० ते ६० वर असतो. सपाटीवर ७५ ते ९० आणि चढावर ६० ते ७५ हा बहुतेकांना मानवणारा पट्टा. शहरात ताशी १८ कि.मी. वेगाने जाताना ३-७ लावलं तर पाय मिनिटाला फक्त ४६ फेरे मारतात. त्याच वेगाला २-४ वर ८१. वेग तोच, श्रमही जवळपास तेवढेच, पण गुडघ्यावरचा भार बराच हलका.

हा भार घाटात सगळ्यांत स्पष्ट दिसतो. समजा चढ ७ टक्क्यांचा आहे, म्हणजे १०० मीटर पुढे गेल्यावर ७ मीटर उंची. सिंहगडाच्या रस्त्यावर याहून खडे तुकडे आहेत. माणूस आणि सायकल मिळून ८० किलो, वेग ताशी ८ कि.मी. यासाठी साधारण १४० वॉट शक्ती लागते, गिअर कुठलाही असो. ३-१ वर हा वेग ४१ फेऱ्यांना येतो, २-१ वर ५१ आणि १-१ वर ७२ फेऱ्यांना. १७० मि.मी.च्या क्रँकवर सरासरी रेटा ३-१ ला जवळपास २० किलो बसतो, १-१ ला ११ किलो. ही सरासरी झाली. पाय खाली दाबताना प्रत्यक्ष जोर याच्या दुपटीकडे जातो. तासभर हजारो फेरे हा फरक गुडघ्याच्या वाटीने सोसायचा असतो. १-१ वापरण्यात कमीपणा मानणारे लोक भेटतात, त्यांचं मुळीच ऐकू नका.

उलट टोकही आहे. गिअर फार हलका झाला तर बूड सीटवर उडायला लागतं आणि दम लवकर लागतो. असं झालं की एक गिअर जड करा. पाय जड पडले तर एक हलका. दर पाच-दहा मिनिटांनी मुद्दाम ही तपासणी करा, काही दिवसांत हात आपोआप हलतो.

गिअर टाकायची वेळ आणि पद्धत

पाय फिरत असतानाच गिअर बदलतो, पण जोर देत असताना बदलू नये. या दोन गोष्टी एकत्र जमणं हेच कौशल्य. बदलायच्या आधी दोन पावलं थोडा जोर देऊन वेग मिळवा, मग पाय फिरता ठेवून दाब अगदी कमी करा, त्याच क्षणी बटण दाबा, अर्धा-एक फेरा हलक्या पायाने जाऊ द्या. चेन बसल्याचा आवाज आला की पुन्हा जोर. जोरात दाबताना गिअर टाकला तर कडकन आवाज होतो, दाते झिजतात आणि एखाद दिवशी चेन तुटते.

उभ्या सायकलवर गिअर बदलू नका. पाय फिरत नसताना बटण दाबलं तर वायर ताणून बसते आणि निघताना पहिल्याच जोरात चेन धडपडते. म्हणून सिग्नलला थांबण्यापूर्वी, सायकल अजून चालत असतानाच २-२ किंवा २-३ वर या. निघताना एक पायडल घड्याळात २ वाजताच्या जागी आणून त्यावर पाय ठेवा, पहिला रेटा तिथून द्या.

चढावर गिअर आधी बदलायचा. चढ समोर दिसतोय, पाय अजून मोकळे आहेत, तेव्हाच डावा २ वरून १ वर आणा. पुढची चकती ३४ वरून २४ झाली की पाय एकदम रिकामे फिरतात. यावर उपाय असा: डावा १ वर आला की लगेच उजव्याने दोन गिअर जड करा. २-४ वरून १-६ चा हिशेब पाहा: १.७ वरून १.५, झटका बसत नाही. १-६ हा टाळायच्या यादीतला आहे, पण चढ वाढतोय म्हटल्यावर तिथे काही सेकंदच राहायचं आहे. तिथून एकेक हलका करत १-५, १-४ असं खाली येत जा. चढाच्या मध्यावर, पाय अडकल्यावर पुढची चकती बदलायला गेलात तर चेन आतल्या बाजूला पडण्याची शक्यता सगळ्यांत जास्त असते.

तरीही चेन पुढे आत पडली, तर लगेच उतरू नका. जोर काढा, डावा २ वर करा आणि पाय हळू फिरवा. बऱ्याचदा पिंजरा चेन उचलून घेतो. घेतली नाही किंवा पाय अडकल्यासारखा वाटला तर थांबा. मागच्या डिरेलरचा खालचा भाग हाताने पुढे ढकला म्हणजे चेन ढिली होते, मग चेन लहान चकतीच्या वरच्या दात्यांवर ठेवा आणि पायडल हाताने फिरवा. खिशात एक चिंधी असावी.

घाट उतरताना ३-५ किंवा ३-६ ठेवा, चेन ताठ राहते आणि खड्ड्यात आपटत नाही. पाय थांबवले असतील तर दोन्ही पायडलं आडवी, एकाच उंचीवर. वळणावर बाहेरच्या बाजूचं पायडल खाली: उजव्या वळणाला डावं, डाव्या वळणाला उजवं. आतलं पायडल खाली राहिलं तर ते रस्त्याला टेकतं आणि सायकल उचलून फेकते.

पाय कुठे ठेवायचा, सीट किती उंच

तळव्याचा मध्य किंवा टाच पायडलवर ठेवून चालवणारे खूप दिसतात. अंगठ्याच्या मागचा जो फुगीर भाग आहे तो पायडलच्या आसावर यायला हवा, किंवा आसाच्या किंचित पुढे. टाच एकसारखी खाली-वर करायची गरज नाही.

पायडल घड्याळातल्या १२ ते ५ च्या जागांदरम्यान असताना जोर द्यायचा असतो, सगळ्यांत जास्त ३ च्या आसपास. खाली पोचल्यावर पायरीवर चपलेचा चिखल पुसतो तसा पाय मागे ओढा. वर येणाऱ्या पायाने पायडल खेचायचा अट्टाहास नको, त्या पायाचं वजन पायडलवर पडून राहू नये एवढं पुष्कळ. त्याचं ओझं दुसऱ्याच पायाला उचलावं लागतं.

हे सगळं सीटच्या उंचीवर अवलंबून आहे, आणि आपल्याकडे सीट जवळजवळ नेहमी खाली असते, कारण दोन्ही पाय जमिनीला टेकले की धीर वाटतो. सीट खाली म्हणजे गुडघा सतत जास्त वाकलेला आणि वेदना गुडघ्याच्या पुढच्या बाजूला. सीटवर बसा, भिंतीला धरा, टाच पायडलवर ठेवा आणि पायडल सर्वांत खाली न्या. पाय सरळ झाला पाहिजे. मग पाय नेहमीच्या जागी ठेवला की गुडघ्यात २५ ते ३५ अंशांचा बाक राहतो. मोजून करायचं असेल तर अनवाणी भिंतीला पाठ लावा, पायांमध्ये पुस्तक घट्ट वर धरा, जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत अंतर घ्या आणि ०.८८३ ने गुणा. ८० सें.मी. आलं तर ७०.६. क्रँकच्या आसाच्या मध्यापासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत एवढं अंतर ठेवा. पाय फिरवताना कंबर डावी-उजवीकडे डुलत असेल किंवा गुडघ्याच्या मागे ओढ बसत असेल तर अर्धा सें.मी. खाली घ्या. सीटच्या दांडीवर कमीत कमी किती आत राहावी याची रेघ असते, ती बाहेर दिसता कामा नये. थांबताना सीटवरून पुढे उतरून पाय टेकायचे, ही सवय चार दिवसांत लागते.

स्वस्त सायकलींची गुळगुळीत प्लॅस्टिकची पायडलं पावसात निसरडी होतात. रुंद, खिळेदार पायडलं हा सगळ्यांत उपयोगी बदल आहे, बुटांनाही वेगळं काही लागत नाही. बूट अडकवायची पायडलं लांब पल्ल्यासाठी चांगली. त्यात शिमानोची १९९० पासूनची एस.पी.डी. पद्धत सोयीची, कारण क्लीट, म्हणजे पायडलमध्ये अडकणारी पट्टी, बुटाच्या तळव्यात दडलेली राहते आणि चालता येतं. स्प्रिंगचा ताण सुरुवातीला सगळ्यांत कमी ठेवा आणि टाच बाहेर वळवून पाय सोडवायचा सराव रस्त्यावर जाण्यापूर्वी मैदानात करा.

पायडल बदलताना एक गोष्ट पक्की लक्षात हवी: डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. १५ मि.मी.चा पाना पायडलच्या आसावर लावा. वर उभा धरलेला पाना पुढच्या चाकाकडे नेला की दोन्ही पायडलं घट्ट होतात, मागच्या चाकाकडे नेला की सुटतात. बसवण्यापूर्वी आट्यांना ग्रीस लावा, पहिले तीन-चार फेरे बोटांनीच घ्या. बोटांनी जात नसेल तर पान्याने रेटू नका, ते तिरकं किंवा चुकीच्या बाजूचं आहे. अल्युमिनियमच्या क्रँकचे आटे एकदा गेले की क्रँकच बदलावी लागते.

मागचा डिरेलर जुळवणं

पेचकसाचे चार वळसे आणि धीर एवढंच लागतं. मागचं चाक जमिनीपासून उचलून धरायची सोय करा.

१. डावा २, उजवा ७. वायरचा बोल्ट ५ मि.मी.च्या ॲलन कीने सोडा. आता डिरेलरवरचा 'एच' लिहिलेला स्क्रू फिरवून मागून पाहा: वरचं छोटं चाक सगळ्यांत लहान चकतीच्या बाहेरच्या कडेखाली यावं.

२. वायर जिथे डिरेलरमध्ये शिरते तिथला बोटाने फिरणारा ॲडजस्टर पूर्ण आत घ्या, मग एक फेरा बाहेर. वायर पकडीने ताठ ओढून बोल्ट आवळा.

३. पायडल हाताने फिरवत उजवा एक टिकटिक हलका करा. चेन वर चढायला आळस करत असेल तर ॲडजस्टर बाहेर काढा, पाव-पाव फेरा. चढून पलीकडच्या चकतीला घासत असेल तर आत घ्या.

४. उजवा १ वर आणा. 'एल' स्क्रू असा ठेवा की वरचं छोटं चाक मोठ्या चकतीच्या बरोबर खाली येईल. डिरेलर हाताने चाकाच्या तारांकडे ढकलून पाहा, तो पुढे जाता कामा नये. हा स्क्रू ढिला राहिला तर चेन चकती आणि तारांच्या मध्ये घुसते, चाक जागीच अडकतं. घाटात हे जिवावर बेतू शकतं, म्हणून ही पायरी कधीही सोडू नका.

नवीन वायर पहिल्या काही आठवड्यांत सैल वाटते, तेव्हा फक्त तिसरी पायरी पुन्हा करा. कोकणात आणि पावसाळ्यात वायर आउटरच्या, म्हणजे तिच्यावरच्या नळीच्या आत गंजते. बटण जड जातं, चेन लहान चकतीकडे यायला वेळ लावते. अशा वेळी ॲडजस्टर पिळण्यात अर्थ नाही, वायर आणि आउटर दोन्ही बदला.

आवाज आणि झीज

पायडलच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा 'कट्ट' असा आवाज येत असेल तर आधी पायडलचे कोरडे आटे आणि क्रँकचा बोल्ट पाहा. क्रँक हाताने बाजूला हलवून बघा. थोडी जरी हलली तर तशीच चालवू नका, चौकोनी भोक काही किलोमीटरमध्ये गोल होतं आणि मग बोल्ट कितीही आवळला तरी क्रँक धरत नाही.

जोर दिला की चेन घसरते, तीही एक-दोन नेहमीच्याच गिअरवर, तर त्या चकत्यांचे दाते झिजलेत. सगळ्याच गिअरवर आणि ठराविक अंतराने घसरत असेल तर चेनची एखादी कडी आखडलेली असते. पायडल उलट हळू फिरवा, छोट्या चाकांतून जाताना ती कडी उडी मारताना दिसते.

चेनला तेल म्हणजे प्रत्येक कडीच्या रोलरवर एक थेंब, पायडल दोन मिनिटं फिरवायचं आणि बाहेरचं सगळं तेल फडक्याने पुसायचं. बाहेर राहिलेलं तेल फक्त धूळ धरतं. खोबरेल तेल थंडीत थिजतं, गंज सोडवायचा स्प्रे पातळ असल्याने टिकत नाही. दोन्ही नकोत. पावसात भिजून आल्यावर त्याच दिवशी पुसून तेल घाला, एका रात्रीत गंज धरतो.

चेन किती झिजली हे पट्टीने कळतं. एका पिनच्या मध्यापासून २४ कड्या मोजा. नव्या चेनला हे अंतर ३०४.८ मि.मी. असतं. ३०७ झालं की चेन बदला, फ्रीव्हील बहुधा तसंच चालतं. ३०८ च्या पुढे गेलेली चेन तशीच वापरत राहिलात तर मागचे दातेही तिच्याच मापाने झिजतात. त्यावर नवी चेन टाकली की ती पहिल्याच चढावर घसरते. मग चेन आणि फ्रीव्हील दोन्ही एकदम बदलावी लागतात.